ठेवणीतली तांबडी

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी एक वयस्कर फ्रेंच बाटली आहे आणि माझ्या पोटात तांबडी वाइन होती. वाइन मोठ्यांची, पण गोष्ट तुमची.

फ्रान्समध्ये एका खडकाळ टेकडीवर माझ्या मालकीणबाईंचा द्राक्षमळा आहे. तिथे वेलींना मुद्दाम पाणी घालत नाहीत. मुळं पाण्यासाठी खडकात खोल जातात आणि द्राक्षं लहान, पण करारी होतात. त्यांची वाइन कोवळेपणी अर्धकच्च्या जांभळासारखी तुरट लागते. बूच लावताना मालकीणबाई म्हणाल्या, "घाई करू नकोस. आधी नीट मूर." मी तेव्हाच ठरवलं, मुरेन, पण आंबणार नाही म्हणजे नाही!

पुढे पोचले सिंगापूरला, टॅम्पिनीसच्या एका फ्लॅटमध्ये. बँकेतले निशिकांतदादा आणि त्यांच्या बायको उल्काताई तिथे राहतात. दादांच्या साहेबांनी मला भेट म्हणून दिलं होतं. "चांगल्या दिवशी उघडू," दादा म्हणाले. बूच ओलं राहायला मला आडवं ठेवायला हवं. पण उल्काताई म्हणाल्या, "अगंबाई, आडवी बाटली बघून लोक म्हणतील, दारुड्यांचं घर!" झालं! मला शोकेसमध्ये उभं केलं. दादांची बढती झाली, पीआर म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना मिळाला, तरी "याहून चांगला दिवस येईल की!" उकाड्याने बूच सुकत चाललं. हवा आत शिरली असती तर माझ्या वाइनचं व्हिनेगर झालं असतं. मला रडू यायचं, पण बुचाला बजावायचे, "घट्ट धर बाबा, सोडू नकोस!"

मग पुण्याहून दादांच्या आई यायच्या ठरल्या. घरात एकच धांदल! तिथल्या फ्लॅटमध्ये बॉम्बपासून बचावासाठी एक भक्कम खोली असते, बॉम्ब शेल्टर; तिच्यात हे लोक तांदूळ-डाळी ठेवतात. तिथे पोत्यांमागे मला आडवं दडवलं. लपवायच्या नादात माझं भलंच झालं. बूच भिजून फुगलं.

एके दिवशी आई तांदूळ काढायला गेल्या आणि मी हाती लागले. दादांचा चेहरा पडला.

"आई, ती साहेबांनी दिली होती. चांगल्या दिवशी उघडणार होतो."

"अरे, उद्या मी परत चालले. आज सगळे एकत्र जेवणार आहोत, हा काय वाईट दिवस आहे?"

दादांनी बूच ओढलं. ते अर्ध्यात तुटलं! माझा जीव टांगणीला लागला. उरलेला तुकडा दादांनी हलकेच आत ढकलला आणि एक घोट घेतला. मग म्हणाले, "उल्का, काय मऊ झालीये गं!" आईंनी नुसता वास घेतला आणि हसल्या. मी जिंकले होते.

मित्रांनो, तुमच्याही घरी ठेवणीतलं काहीतरी असेलच. ते कसं आहे, आजच बघा. आणि वापरायला काढा, आई घरी आहे तोवर.