डाव्या वळनाचा आवाज

गाडी डावीकडं वळवली का खालून आवाज ये. आंधी कट्, मंग कर्र. सरळ चालवा, चूप. उजवीकडं वळवा, चूप. रिकामी गाडी डावीकडं वळवा, तरी चूप. सोयाबीनचे कट्टे भरले अन् डावीकडं स्टेअरिंग पुरं फिरवलं, का झाला सुरू. आता असा आवाज मिस्त्रीले कसा दाखवावा, तुमीच सांगा. मिस्त्रीपाशी तर गाडी रिकामीच जाते ना बावा!

रिसोडच्या एका मिस्त्रीनं स्टेअरिंगचं तेल बदललं. दुसऱ्यानं बॉल जॉइंट बदलले. तिसरा म्हने, "भाऊ, आवाज तुह्या डोक्यात हाय." माह्यं डोकंच सटकलं. म्या म्हनलं, "मंग डोकं खोल अन् त्यात ग्रीस भर." अन् गाडी घेऊन निघून आलो.

घरी या आवाजाचं नाव काढायची सोय नव्हती. माहा मोठा भाऊ उत्कर्ष दोन सालाआंधी वाशीम रोडवरच मोटारसायकलच्या अपघातात गेला. तवापासून आमचे बाबा, पुंजाजी, बोलनंच इसरले. म्या पिकअप घेतली तवा सारी गल्ली पाहाले आली, बाबा मात्र ओट्यावरून उठले नाई. पन दर रविवारी गाडी तेच धुवत. मले बकेटीले हात लावू देत नव्हते.

गाडी आली त्या दिवशी आईनं, लिलाबाईनं, कुठून तरी लिंबू-मिरच्या आनल्या होत्या. भीतभीतच आनल्या बिचारीनं. बाबांनी त्या तिच्या हातातून घेतल्या अन् उकिरड्यावर नेऊन टाकल्या. "माह्या बापानं छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली, ते लिंबू लटकवाले घेतली काय?" इतकंच बोलले.

परवा तर हद्द झाली. कट्टे भरून आमच्या रिठदहून वाशीमच्या मार्केटात चाललो होतो. पुलाच्या आंधी डावं वळन हाय. म्या स्टेअरिंग फिरवलं अन् ते अर्ध्यातच अडकलं. फिरेचना! समोर पुलाचा कठडा, त्याच्या खाली सारं खोल. म्या दोन्ही हातानं जीव खाऊन हिसका देला तवा कुठं कट् करून सुटलं. गाडी बाजूले लावली अन् खाली उतरलो. खोटं कायले बोलू, तिथंच बसलो अन् रडलो.

मार्केट राहू देलं अन् भरल्या गाडीनंच वाशीमच्या हरिसिंग मिस्त्रीकडं गेलो. म्या म्हनलं, "माल भरेल हाय, आता आवाज येतेच. पाय तू." तो खाली सरकला. म्या स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. कट्. कर्र. हरिसिंग बाहेर आला, हात पुसले अन् म्हने, "गाडी ठीक हाय तुही."

"अन् आवाज?"

"तो पिशवीचा हाय."

"कोनती पिशवी बे?"

तो माह्याकडं पाहातच राह्यला. "नजरेची. खालच्या आडव्या रॉडले बांधेल नाई काय? चाकं वळवते तो रॉड. वजनानं गाडी खाली बसते, मंग पिशवी वर घासते. एखाद्या बारीले अडकतबी असन."

"मंग काढली काहून नाई?"

"नजरेचं बांधेल आमी नाई काढत, भाऊ. ज्यानं बांधलं त्यानं काढावं. आमी त्याच्या बाजूनं काम करतो."

मंग मले समजलं. रिसोडच्या तिघांनीबी ती पाह्यली असन. तिघंबी बाजूनंच काम करून मोकळे झाले. बौद्धाच्या घरची गाडी, तिच्याखाली नजरेचं असन हे माह्या सपनातबी नव्हतं, अन् म्याच बांधली समजून ते मले इचारतीन कायले?

म्या सोता खाली शिरलो अन् पक्कडीनं तार तोडली. काळ्या फडक्याची पिशवी. आत बिब्बे, मिठाचा खडा अन् बोटाएवढा लोखंडी खिळा. खिळ्याचं टोक घासून घासून चकचकीत झालं होतं.

घरी येईलोक माह्या डोक्यात एकच होतं, आई. आंगनात ती तूर पाखडत होती. म्या पिशवी तिच्या सुपात आपटली. "हे पाय! हे तुह्यं काम! ज्यानं हे बांधलं ना, त्याच्यापायी आज मी पुलाखाली गेलो असतो! एक पोरगं गेलं तं पोट नाई भरलं काय तुह्यं?"

तिनं पिशवीकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. माही बायको मंजुषा घरातून धावत आली अन् म्हने, "अवो, काय बोलून राह्यले तुमी?" मी काय थांबतो! तोंडाले येईन ते बोलत गेलो.

"रवी." ओट्यावरून बाबा म्हनले. "तिले नको बोलू. म्या बांधलं."

आईच्या हातातलं सूप तसंच राह्यलं.

बाबा उठले नाई. मान खाली घालूनच बोलले. "लहानपनी पाटलाच्या बैलगाडीले पाह्यलं होतं. बिब्बे, मीठ, खिळा. अजून काय घालत ते मले मालूम नाई. रविवारी गाडी धुताना खाली शिरलो अन् बांधलं."

म्या इचारलं, "अन् बांधाचंच होतं तं समोर बंपरले बांधाचं. सारे तिथंच बांधतात."

"समोर कसं बांधू? साऱ्या गावानं पाह्यलं असतं ना बाप्पा. तुह्या मायनं पाह्यलं असतं." मंग म्हनले, "तो रॉड हालते, हे मले मालूम नव्हतं."

म्या म्हनलं, "बाबा, पिशवीचं काई नाई. रस्ताच खराब हाय तिथं, गोटा आला असन चाकात." बोलता बोलताच मले समजलं का हे कोनालेच खरं वाटनार नाई. म्याच तर आताच साऱ्या गल्लीले आयकू जाईन असं बोंबलून सांगेल होतं.

"खोटं नको बोलू," बाबा म्हनले. "म्याच तुले मारत होतो."

आई उठली अन् त्यांच्यापाशी जाऊन बसली. रागावली असती तं बरं झालं असतं. तिनं नुसतं त्याईच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाबा म्हनले, "लिले, भगवंतासमोर पंचशील म्हनतो, मन नाई थाऱ्यावर राह्यत. तुह्यं लिंबू फेकलं, अन् मंग सोताच बिब्बे शोधत फिरलो. आता अजून काय करू, सांग? पोरगं रोज त्याच रस्त्यानं जाते." मले तिथं उभं राहवेना. मी मागं जाऊन उगाच कट्ट्यांचे दोर आवळत बसलो.

सकाळी तोच माल घेऊन वाशीमले निघालो. गाडी चालू केली तं बाबा आले, दरवाजा उघडला अन् माह्या बाजूले बसले. धोतर सावरलं, पान्याची बाटली पायापाशी ठेवली.

"कुठं जाता?"

"येतो संगं."

"येऊन काय करसान, बाबा?"

"काई नाई. बसतो."

पुलाचं वळन आलं. म्या स्टेअरिंग डावीकडं फिरवलं. आवाज नाई, काई नाई, लोन्यासारखं फिरलं. तेवढ्यात बाबांचा हात आडवा होऊन माह्या छातीवर आला, लेकरू पुढं पडू नये म्हून लावतात तसा. नजर समोर रस्त्यावर.

म्या म्हनलं, "बाबा, हात काढा. मले गेर टाकता येऊन नाई राह्यला."

"हो, हो," म्हनून त्यांनी हात काढला अन् मांडीखाली दाबून ठेवला. पुढचं वळन आलं. हात परत आडवा आला. मंग म्या दुसऱ्या गेरातच गाडी हळूहळू चालवत वाशीमलोक नेली.