घुबडाच्या तोंडातलं सोनं

घुबडाच्या पिल्लाच्या तोंडात, टाळूवर डावीकडे, ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळा थर होता. भोवतीचा भाग लाल, सुजलेला. एवढ्याशा डागासाठी चुडाव्याजवळच्या वस्तीवर दोनशे माणसं सकाळपासून उन्हात उभी होती.

पंडित महाराज पितळी तारेनं पिल्लाची चोच फाकवून तो डाग एकेकाला दाखवत होता. ज्या रानात गुप्तधन, तिथल्या घुबडाच्या तोंडात सोनं पिकतं, असं त्याचं म्हणणं. पहिल्या दिवशी तिळाएवढं होतं, दर्शनानं वाढलं. मग तो हात उगारून विचारी, "धन हाय का?" पिल्लू चोच कटकट वाजवी आणि रांग हात जोडी.

जनावरांच्या डॉक्टर धम्मशीलाताई पूर्ण्याहून गुरांना लस टोचायला आल्या होत्या, पण एकाही गोठ्यात माणूस नव्हतं. ती तार त्यांनी ओळखली. गेल्या वर्षी पालमला याच माणसाच्या हातात असंच एक पिल्लू मेलं होतं. तेव्हाच वनखात्याकडे तक्रार द्यायची होती. गावं दारं लावून घेतील, मग लस कोण टोचून घेईल, असं स्वतःला सांगत वर्ष गेलं.

पिल्लू वस्तीवरच्याच केशरबाईंच्या विहिरीच्या कपारीतून काढलेलं. हे दोन दिवसांत मरेल, असं ताईंनी सांगितल्यावर केशरबाईंनीच ते महाराजाकडून पदरात घेऊन ताईंपुढं केलं.

ताईंनी महाराजासारखाच हात उगारला. "भगवानरावांच्या म्हशीला चार शिंगं आहेत का?"

कटकट.

"दोनच हायत," रांगेतले भगवानराव म्हणाले. "रोज मीच धुतो की तिला."

रांगेत हसू पसरलं. भ्यालेलं घुबड चोच वाजवतं, ताई म्हणाल्या. मग ओल्या कापसानं थराची सुटी कड टिपून तो कापूस केशरबाईंच्या नाकाजवळ धरला.

"सोन्याला वास येतो का?"

केशरबाईंनी पदर नाकाला लावला. "पू हाय की हो हा."

इंजेक्शनवाल्यांचा हात लागला की सोन्याचा पू होतो, असं महाराजानं लगेच जाहीर केलं. ताई वाद घालत बसल्या नाहीत. तार रोज टाळू खरवडते, जखमेत जंतू शिरतात, पू साचून घट्ट होतो. जितकं दर्शन, तितकं सोनं. बघा, हुंगा, विचारा आणि मगच हात जोडा, एवढंच त्या म्हणाल्या.

चिकटलेला थर त्यांनी ओढला नाही; रक्त आलं असतं. कबुतरं खाणाऱ्या पक्ष्यांना एका परजीवीमुळेही असाच थर येतो, म्हणून केशरबाईंसह पिल्लू पूर्ण्याच्या दवाखान्यात आणून त्यांनी नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. हलणारं काही नव्हतं, म्हणजे परजीवी नव्हता. रंग दिल्यावर काड्यांसारखे जिवाणू दिसले, दाटीवाटीनं. केशरबाईंनीही डोळा लावून पाहिलं. ताईंनी पिल्लाचं वजन करून त्या मापानं प्रतिजैविक दिलं, वेदना कमी करणारं औषध दिलं. चिमट्यानं उंदराचे बारीक, मऊ तुकडे भरवले.

सहाव्या दिवशी थर आपोआप गळला. खाली टाळू गुलाबी होती. पिल्लानं तुकडा स्वतः ओढून घेतला.

केशरबाई बघायला आल्या होत्या. महाराज गंगाखेडकडं गेलाय, म्हणाल्या. पिशवीत दुसरं पिल्लू हाय म्हणं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आपलं तर वाचलं ना, ताई. आता कशाला वाढवायचं? गावाचं नाव निघंल."

ताईंनी चिमटा धुतला, पुसला, जागेवर ठेवला. गेल्या वर्षी पालमलाही 'आता कशाला वाढवायचं' असंच त्यांनी ऐकलं होतं, आणि मान डोलावली होती.

"मी तक्रार देते, केशरबाई," त्या म्हणाल्या. "आजच. माझ्या नावानं."