त्रेसष्टाव्या पानावरचा अंगठा

मी वाचायला शिकलो तेव्हा मला एकसष्टावं वर्ष लागलं होतं. शिकवलं बायकोनं. ती माझ्याआधी दोन वर्षं प्रौढांच्या वर्गाला जाऊन आली होती आणि तेव्हापासून घरात कुठलाही कागद आला की आधी स्वतः वाचायची, मग मला तिच्या सोयीपुरतं सांगायची. हा जुलूम संपवायचा म्हणून मी पाटी हातात घेतली.

पहिलं अख्खं पुस्तक वाचलं ते आमच्या साहेबांचं. साहेब म्हणजे रस्ते खात्याचे जुने मोठे साहेब, माझ्यासारखेच निवृत्त. पण निवृत्तीनंतर मी गुडघे शेकत बसलो आणि ते पुस्तक लिहीत बसले. रस्त्यांवरची यंत्रं आणि ती चालवणारी माणसं, असा विषय. मुखपृष्ठावर मी सव्वीस वर्षं चालवलेला रोलर आणि त्याचं हँडल धरून उभे साहेब. छाती पुढे, पोट आत. पोट आत असलेला त्यांचा जगात तेवढाच फोटो असेल.

प्रत त्यांनी स्वतः पाठवली होती, कारण काम होतं. प्रकाशन खात्याच्या यार्डातच, रोलरशेजारी व्हायचं होतं आणि त्या वेळी साहेब सगळ्यांसमोर माझ्या मदतीनं रोलर चालू करणार होते. यार्डाच्या नव्या प्रमुख बाईंनी सांगून ठेवलं होतं, "त्या दिवशी चालू झाला तर फाटकाशी शोभेला ठेवू. नाही झाला तर सोमवारी भंगारात." शोभेच्या वस्तूंतही काम करणारी वस्तू मागणारी ही पहिलीच बाई. पण रोलर भंगारात गेला असता तर मला घास गोड लागला नसता, म्हणून मी येतो म्हटलं.

तीन आठवडे ओळीखाली बोट धरून वाचत होतो. माझा उल्लेख एकदाच आला, 'एक कष्टाळू चालक' असा.

"हा कष्टाळू कोण?" बायकोनं विचारलं.

"मीच की."

"मग छपाईची चूक असेल."

त्रेसष्टाव्या पानावर मात्र मी अडलो. रोलर हँडल मारून, म्हणजे इंजिनात खुपसलेला वाकडा लोखंडी दांडा फिरवून, कसा चालू करावा ते तिथं होतं. 'हँडल मुठीत घट्ट धरावे व अंगठा बोटांवरून पक्का आवळावा.' मी तीनदा वाचलं. वाटलं, नवशिका आहे, आपलंच काही चुकतंय. बायकोला वाचायला दिलं. तिनंही तेच वाचलं. मग मुखपृष्ठ उजेडात धरून पाहिलं. साहेबांचा अंगठा बोटांवर गच्च आवळलेला होता, जसा बंद इंजिनाशी फोटो काढणाऱ्या माणसाचा असतो.

आता हे समजून घ्या. तसल्या इंजिनाच्या डोक्यावर एक खिट्टी असते. ती उचलून धरली की आतली हवा निघून जाते आणि जड चाक हलकं फिरतं. एकानं हँडल मारून चाकाला वेग द्यायचा, दुसऱ्यानं खिट्टी सोडायची, मग इंजिन पेटतं. वेग कमी पडला तर पेटतं खरं, पण उलटं. हँडल मागे फिरतं आणि आडवा आलेला अंगठा काडीसारखा मोडतं. म्हणून चार बोटांचा नुसता आकडा करायचा आणि अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका आला तर हँडल बोटांतून निसटून जातं. आमच्या यार्डात नवा माणूस आला की पहिले आठ दिवस त्याचा अंगठा सुतळीनं तर्जनीला बांधून ठेवायचे. जेवतानासुद्धा सोडत नसत. मला शिकवणाऱ्या मिस्त्रीचा अंगठा कायमचा वाकडा होता. तो म्हणायचा, "हा बघून शिक, म्हणजे तुझा बघून कुणाला शिकायला लागणार नाही."

मी पुस्तक घेऊन साहेबांच्या घरी गेलो. त्रेसष्टावं पान उघडून समोर धरलं.

"साहेब, हे चुकलंय."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही वाचता?"

"अलीकडेच लागलोय."

"तीस वर्षं पगाराच्या कागदावर अंगठा उठवत होता तुम्ही माझ्यासमोर."

"म्हणून तर सांगतो. जपलेला अंगठा आहे."

"अहो, छापून झालंय ते," साहेब म्हणाले. त्यांच्या लेखी विषय तिथंच संपला.

समारंभाच्या सकाळी यार्डात शंभरएक खुर्च्या मांडल्या होत्या. पुस्तकांचे गठ्ठे लाल फितीत बांधून टेबलावर रचले होते. रोलरला कुणीतरी हिरवा रंग फासला होता, अगदी नंबराच्या पाटीवरूनही. मी डिझेल पाहिलं, तेल पाहिलं, खिट्टीवर हात ठेवून उभा राहिलो. भाषणं झाली. साहेबांनी कोट काढला, हँडल बसवलं आणि मूठ आवळली. अंगठा थेट मुखपृष्ठासारखा.

"साहेब, अंगठा," मी हळूच म्हणालो.

"तुम्ही तुमची खिट्टी बघा."

बघितली. घट्ट उचलून धरली. साहेब फिरवू लागले. चाक हलकं फिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, "सोडा." मी सोडली नाही. त्यांनी आणखी दहा फेरे मारले.

"अहो, सोडा की!"

"अंगठा बोटांच्या बाजूला घ्या, सोडतो."

टाळ्या थांबल्या. साहेबांचा चेहरा विटेसारखा झाला. आत घेतलेलं पोट केव्हाच जाग्यावर आलं होतं. प्रमुख बाईंनी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, "चालू होत नाहीये का? तसं असेल तर मी गाडीवाल्याला सोमवारचं पक्कं कळवते."

खिट्टीवरचं एक बोट ढिलं केलं असतं तर इंजिन पेटलं असतं, सुलट किंवा उलट. सुलट पेटलं तर रोलर वाचला. पण साहेबांचा दम संपत आला होता, वेग पडला होता, आणि हँडलचा उलटा घाव मला माहीत होता. मी धरून राहिलो.

"होईल, बाई," मी म्हणालो. "पुस्तकात एक गोष्ट राहून गेलीय, तेवढी करू द्या."

बायको पहिल्या रांगेतून उठली. टेबलावरच्या एका गठ्ठ्याची लाल फीत सोडली, सरळ साहेबांपाशी आली आणि म्हणाली, "हात द्या." तिच्या आवाजापुढं मी छत्तीस वर्षं टिकलो नाही, साहेब काय टिकणार! तिनं अंगठा तर्जनीला लावला, तीन वेढे दिले आणि फुलाची गाठ मारली. मागून कुणीतरी खदखदून हसलं.

साहेब दात खाऊन फिरवू लागले. चाक घुमलं. मी खिट्टी सोडली.

वेग कमीच पडला होता. धाड करून उलटा झटका बसला. हँडल साहेबांच्या बोटांतून निसटून मागे फिरलं, इंजिनातून सुटून उडालं आणि अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर जाऊन आदळलं. खुर्चीचा एक पाय मोडला. (अध्यक्ष चहाला गेले होते. दुसरं काही काम त्यांनी त्या दिवशी केलं नाही, पण हे चांगलं केलं.)

साहेब लाल फितीतल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. मग मोडलेल्या खुर्चीकडे. त्यांनी अंगठा हलवून पाहिला. हलला.

"तुम्ही मारा," ते मला म्हणाले. "खिट्टी मी धरतो."

तिसऱ्या फेऱ्याला मी "हां!" म्हणालो, त्यांनी सोडली, आणि रोलर काळ्या धुराची गुळणी टाकून धडधडायला लागला. प्रमुख बाईंची पांढरी साडी ठिपक्यांची झाली. त्यांनी पदर पाहिला, रोलर पाहिला आणि म्हणाल्या, "फाटकाशी. पण बंद करून."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पुस्तकांचे सगळे गठ्ठे माझ्या घरी पाठवले. सोबत पेन्सिलींचा डबा आणि चिठ्ठी. 'पान ६३. तुम्हीच दुरुस्त करा.' मी प्रत्येक प्रतीत ती ओळ खोडून वर लिहितो आहे, 'अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा.' बायको शेजारी बसून एकेक तपासते. काल तिला एका प्रतीत एकविसाव्या पानावरही पेन्सिल लागलेली सापडली. 'कष्टाळू'च्या आधी मी 'फार' घातलं होतं. तिनं ते खोडलं.