न वाजणारी सीडी

डॉक्टरांनी पडद्यावरच्या काळ्या-पांढऱ्या चित्रावर पेनाचं टोक टेकवलं.

"हा ठिपका बघा. उजव्या फुप्फुसात. नऊ मिलिमीटर."

"म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा," ही म्हणाली. ही म्हणजे माझी बायको. पर्स मांडीवर धरून अशी बसली होती, जणू चित्र दुसऱ्याच कुणाचं आहे.

डॉक्टर हसले नाहीत. "दोन वर्षांपूर्वी तुम्ही शिडीवरून पडला होतात, तेव्हाही स्कॅन झाला होता. रिपोर्टमध्ये नुसतं 'लहान ठिपका' लिहिलंय, माप दिलेलं नाही. ते केंद्रही बंद झालंय. मला जुनी चित्रं हवीत. तेव्हाही एवढाच असेल तर त्याला हात लावायचा नाही. वाढला असेल तर काढायला हवा."

"आणि चित्रं नसली तर?" मी विचारलं.

"तर अंदाजावर सोडून देता येणार नाही. जागा अडचणीची आहे, सुई पोचत नाही. सोमवारी छाती उघडावी लागेल." ते हिच्याकडे बघून थोडे थांबले. "यांच्या हृदयाची अवस्था बघता ते विनाकारण करायची माझी तयारी नाही. जुनी सीडी आहे ना?"

"आहे," मी म्हणालो.

"आज चारपर्यंत आणा. चारला सोमवारची यादी पक्की होते."

"काळजी नको, डॉक्टर," ही म्हणाली. "हे मला एखाद्या बाजारात विसरून येतील, पण सीडी हरवायचे नाहीत."

तिचं खरं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

घरी आल्याबरोबर मी कपाट उघडलं. या कपाटाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची चूक कळणार नाही. चौतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं जॅझ ऐकलं. जॅझच्या ज्या रेकॉर्डी मला आवडतात त्या साठ-सत्तर वर्षं जुन्या आहेत. कंपन्या त्याच मूळ टेपा पुन्हा बाहेर काढतात, धुऊनपुसून स्वच्छ करतात आणि सीडीची नवी आवृत्ती आणतात. कधी त्यात एखादं वगळलेलं वादनही जोडतात. मी त्या नव्या आवृत्त्या जमवतो. नवी आली की एक अख्खी दुपार जुनी आणि नवी आलटून पालटून ऐकायची. ड्रमवर ब्रश फिरतो तो कुठे स्पष्ट ऐकू येतो, बासची तार कुठे गुदमरते, हे वहीत लिहायचं. जी जिंकेल ती कपाटात राहते, हरेल ती शाळेच्या संगीताच्या खोलीत जाते. एका रेकॉर्डची एकच आवृत्ती ठेवायची, हा माझा नियम. मी अजूनही दर गुरुवारी तिथं मुलांचा ऐकण्याचा तास घेतो.

स्कॅनची सीडी केंद्रानं कागदी पाकिटात दिली होती. पाकिटाच्या आतला कागद खरखरीत होता. त्यात सीडी ठेवणं म्हणजे बाळाला गोणपाटात गुंडाळणं. एका पियानोवाल्याच्या रेकॉर्डची जुनी सीडी नुकतीच चरे पडून बाद झाली होती आणि तिची डबी रिकामी होती. मी त्या डबीत स्कॅन ठेवला. डबीच्या कण्यावर, नाव दिसतं त्या अरुंद कडेवर, मात्र वेगळं काही लिहिलं नाही. रोज जिथं हात जातो त्या रांगेत हिच्या आजारपणाचं नाव मला नको होतं.

आता मी पियानोच्या रांगेवरून बोट फिरवलं. नवी आवृत्ती होती. जुनी डबी नव्हती. पुन्हा फिरवलं. मग वही काढली. दोन महिन्यांपूर्वीचं पान: शाळेला दिलेल्या एकतीस सीडी. एकोणिसावी तीच. कण्यावरची नावं वाचत मी खोक्यात भरत गेलो होतो. एकही डबी उघडली नव्हती.

कपाटाला टेकून मी उभा राहिलो.

"सापडली?" ही दारात उभी होती. तिनं चपलाही काढल्या नव्हत्या.

"शाळेत आहे."

"माझी छाती शाळेत काय करतेय?"

मी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीवर बसली आणि पर्सचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

"जा," ती म्हणाली. "धावू नका. तुम्ही पडलात तर आज दोन दोन स्कॅन व्हायचे."

शाळा पंधरा मिनिटांवर आहे. त्या दिवशी किती वेळ लागला ते मला आठवत नाही. संगीताच्या बाई पेटी पुसत होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी फडकं खाली ठेवलं.

"ते खोकं ना? हे काय इथंच आहे. मुलांनी सगळ्या तपासून नोंदल्यात, सर. तुमचीच शिकवण."

डबी सापडली. आत पुस्तिका होती, सीडी नव्हती. मी मुलांची वही उघडली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'क्रमांक एकोणीस. डबी चांगली. पुस्तिका आहे. तीनदा लावली. वाजत नाही. शेरा: गेली.'

तो एक शब्द मी दोनदा वाचला.

"कुणी लिहिलंय?"

बाईंनी पाचवीच्या वर्गातून मॉनिटरला बोलावलं. बोटांना शाई लागलेली, दोन वेण्यांची मुलगी. आमच्याकडे बघताच तिचे ओठ मिटले. मला तिला खांदे धरून विचारावंसं वाटत होतं, कुठे आहे, लवकर सांग. पण चौतीस वर्षांत एक गोष्ट मी शिकलो आहे. घाबरलेलं मूल आपल्याला हवं ते उत्तर देतं, खरं देत नाही. मी तिच्यासमोरच्या बुटक्या बाकावर बसलो. वही गुडघ्यांवर ठेवली.

"तुझी नोंद फार चांगली आहे. ही एकोणीस नंबरची तू कशी तपासलीस, ते मला शिकवशील?"

तिनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान हलवली.

"आधी पुसली. मधून कडेकडे, सरळ. गोल गोल नाही पुसली."

"शाब्बास. मग?"

"मग लावली. ती नुसती फिरली आणि थांबली. तीनदा. मग बाईंच्या छोट्या प्लेअरमध्ये पण लावली. गायलीच नाही, सर."

"त्या सीडीवर काही लिहिलं होतं?"

"नुसता नंबर होता. पेनानं."

"मग तिचं काय केलंत?"

ती शाईची बोटं एकमेकांवर घासू लागली. मी थांबलो. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. आयुष्यात मी कुठल्याही मुलासाठी इतक्या कष्टानं थांबलो नसेन.

"तुम्हीच म्हणाला होता, वाजत नाही ती टाकायची नाही, तिला दुसरं काम द्यायचं," ती एका दमात म्हणाली. "म्हणून आम्ही ती बागेत टांगली. टोमॅटोवर. पाखरं येतात ना."

"कधी?"

"गेल्या गुरुवारी."

आठ दिवस. उन्हात.

बाजारातून विकत आणलेल्या सीडीवर आवाज ठशासारखा दाबलेला असतो. ती महिनाभर उन्हात राहिली तरी बहुधा गाते. घरात किंवा दवाखान्यात भरलेली सीडी वेगळी. तिच्यात रंगाचा एक पातळ थर असतो आणि सगळी माहिती त्या रंगात असते. ऊन तो रंग खाऊन टाकतं. हे मी याच मुलांना, याच खोलीत, फळ्यावर चित्र काढून समजावलं होतं.

शाळेच्या मागं टोमॅटोचे चार वाफे होते. त्यांच्यावर आडव्या दोऱ्या, आणि दोऱ्यांना पंधरा-वीस सीड्या वाऱ्यावर गरगरत होत्या. प्रत्येकीवर मुलांनी मधल्या भोकाभोवती कागदाचं रंगीत फूल चिकटवलं होतं. पेनानं लिहिलेला तो नंबर त्यातल्याच कुठल्यातरी फुलाखाली गेला होता. उन्हाचे तुकडे डोळ्यांत घुसत होते. मी एकेक सीडी धरून उलटी करून बघू लागलो. दाबलेल्या सीडीची खालची बाजू चांदीसारखी असते. भरलेलीची हिरवट-निळी.

चांदी. चांदी. चांदी. बारा झाल्या, तेरा झाल्या. चौदावी हिरवट होती. कडेला तो हिरवा रंग उडून पिवळट झाला होता. आतल्या भागात, जिथं फुलाची सावली पडत होती, तिथं तो जरा गडद होता. दोरा मधल्या भोकातूनच ओवला होता, नशीब.

"सर, ती महत्त्वाची होती?" मुलीचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"होती. पण चूक तुझी नाही. मी डबी न उघडता दिली."

"उघडून बघायचं असतं ना, सर?"

"हो गं. उघडून बघायचं असतं."

बाईंनी कात्री आणली आणि दोरा कापला. त्या फूल सोलायला निघाल्या, तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच. सीडीचा चमकता थर वरच्या, छापील बाजूलाच असतो. फूल ओढलं तर त्याच्याबरोबर तो थरही निघून आला असता. फुलाच्या सुटलेल्या पाकळ्या तेवढ्या कापल्या आणि सीडी तिच्या डबीत ठेवली.

दवाखान्यात ही आधीच येऊन बसली होती. सव्वातीन झाले होते. तिनं डबी बघितली, फूल बघितलं.

"छान सजवलीय," म्हणाली. आवाज कोरडा होता.

स्कॅनच्या खोलीतल्या तंत्रज्ञानं सीडी संगणकात घातली. आतून धडधड ऐकू आली, खोकाच हलतोय की काय असं वाटलं, आणि पडद्यावर अक्षरं आली: वाचता येत नाही. त्यानं पुन्हा घातली. पुन्हा तेच.

"गेली, आजोबा," तो म्हणाला.

दिवसात दुसऱ्यांदा तो शब्द. हिनं माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघू शकलो नाही.

"जुना संगणक आहे का एखादा? जितका जुना तितका बरा."

"जुन्यानं काय होणार?"

"हा फार जोरात फिरवतो. फुलानं सीडी एका बाजूला जड झालीय, ती डुगडुगते. हळू फिरवणारा हवा. आणि सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतला भाग शाबूत आहे."

"ही काय गाण्याची सीडी आहे का, आजोबा?"

"सीडी ती सीडीच, बाळा. बघ तरी."

तो डोकं खाजवत उठला. जुन्या कागदपत्रांच्या खोलीत कोपऱ्यात एक पिवळा पडलेला संगणक होता, वर जुन्या फायलींची चळत. सुरू व्हायलाच त्यानं सहा मिनिटं घेतली. डॉक्टरही येऊन आमच्या मागे उभे राहिले. त्यांच्या हातात सोमवारची यादी होती.

सीडी फिरली. हळू, कुरकुरत. पडद्यावर आकडा आला: दोनशे साठपैकी एक. मग दोन. मग तीन.

"ठिपका कितव्या चित्रात असेल?" मी विचारलं.

"एकशे चाळीसच्या आसपास," डॉक्टर म्हणाले.

आकडा चढत होता. पन्नास. नव्वद. एकशे अठरावर तो थांबला. संगणकातून कुरकुर येत राहिली, आकडा हलेना. तंत्रज्ञाचं बोट बटणाकडे गेलं.

"थांब," मी म्हणालो. "बंद करू नकोस. पुन्हा पुन्हा वाचून बघतोय तो."

हिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. तो बर्फासारखा होता.

"श्वास घ्या," ती हळूच म्हणाली. "स्कॅन माझा आहे. तुम्ही कशाला धरून ठेवलाय?"

एकशे एकोणीस.

त्यानंतर प्रत्येक आकड्याला तो अडत होता. एकशे तीस. एकशे सदतीस. एकशे त्रेसष्टला तो कायमचा थांबला आणि पडदा गोठला. पण तोवरची चित्रं आली होती. डॉक्टर खुर्ची ओढून बसले आणि मागे मागे जात एका चित्रावर थांबले. तिथं तो होता, फुप्फुसाच्या काळ्या रंगात एक पांढरा थेंब. त्यांनी एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत रेघ ओढली. मग ती पुसली आणि पुन्हा ओढली. त्यांनी खिशातून आजच्या स्कॅनचा कागद काढून शेजारी धरला आणि एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. आवृत्त्या ताडून बघणारा माणूस मला कळतो. पण त्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना.

"आठ पूर्णांक आठ," ते म्हणाले.

"म्हणजे वाढला?" मी विचारलं.

"नाही. एवढा फरक माप घेणाऱ्या हाताचा असतो. पुढच्या-मागच्या चित्रांतही बघितलं, आकारही तोच आहे. दोन वर्षांत तो हललेला नाही." त्यांनी यादीवरचं एक नाव खोडलं. "हात लावायचा नाही. वर्षानं पुन्हा एकदा बघू. तुम्ही घरी जा."

तंत्रज्ञानं विचारलं, "आलेल्या चित्रांची प्रत काढून देऊ?"

"चार काढा," ही म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होता. जिन्याकडे निघालो आणि पाय पुढे पडेनात, तेव्हा मी त्यावर बसलो. आता दातही वाजायला लागले होते. संकट टळल्यावर ही भीती कुठून आली, कोण जाणे. ही शेजारी बसली.

"ती पोरगी रडली का हो?" तिनं विचारलं.

"नाही. पण रडकुंडीला आली होती."

"उद्या जा आणि तिला सांगा. शुक्रवार आहे. गुरुवारच्या तासाची वाट बघू नका."

मी मान हलवली. चार वाजून गेले, सव्वाचार झाले. तिनं उठायची घाई केली नाही. माझे दात वाजायचे थांबेपर्यंत ती तशीच बसून होती.