छतावरचा डाग

प्रासितला गाडी विकायची होती आणि थायलंडमधल्या चिआंग माईत बुनरुआन मावशींइतकं खात्रीचं गिऱ्हाईक दुसरं नव्हतं. म्हणून सकाळभर त्याने थिनरने गाडीतले डाग घासले.

मावशींनी आत बसताच वर पाहिलं. चालकाच्या डोक्यावर, छताच्या रेक्झिनवर, विहारातल्या भंतेंनी गाडीला आशीर्वाद म्हणून काढलेली पांढरी खूण आता नव्हती. तिथे चिकट, फिकट चट्टा होता.

“जुनाट दिसत होतं ते, मावशी. आता कशी नवीकोरी वाटते!”

“भंते वारले, आता ती खूण कोण काढणार? तिच्यासाठीच गाडी घेत होते मी. अक्कलही थिनरनं पुसलीस का रे?”

उतरताना त्यांनी सीटकडे बोट दाखवलं.

“कॉफीचा डाग राहिला, भंते तेवढे गेले.”

आणि त्या पायीच घरी निघाल्या.