लेकीच्या घरचं पाणी

अकोटच्या शेषरावांनी राहतं घर लेकीच्या नावानं करून दिलं, त्याच दुपारी त्यांना तहान लागली आणि सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

हे मुळापासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा चळला. चळला नव्हता हो. शेषराव तत्त्वाचा माणूस होता, आणि ते चळण्यापेक्षा वाईट. तत्त्व एकच, पण जबर: लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही. त्यांचे वडील प्याले नाहीत, आजा प्याला नाही. एकुलती एक लेक प्रणाली अमरावतीत दिली, तेव्हापासून शेषराव तिच्याकडे निघाले की पिशवीत दोन वस्तू असायच्या: लेकीसाठी तुरीची डाळ आणि स्वतःसाठी पाण्याची बाटली. सोफ्यावर बसून जावयाशी कपाशीच्या भावावर बोलायचं, बाटलीतलं कोमट पाणी प्यायचं आणि ऊन उतरायच्या आत परतीची एसटी धरायची. प्रणाली दर खेपेला चहाचा कप समोर ठेवायची. चहावर साय धरायची, मग ती मुकाट्यानं कप उचलून न्यायची.

"बाबा, घोटभर तरी."

"नाई वं माय. आपल्या घरान्यात नाई."

आता घराचं. शेषरावांचे थोरले भाऊ मृत्युपत्र करून वारले. ते खरं की खोटं, यावर त्यांची दोन्ही पोरं अकोल्याच्या कोर्टात जाऊन बसली. जज बदलले, वकील बदलले, एक साक्षीदार तर बिचारा साक्ष द्यायच्या आधीच देवाघरी गेला. भावाच्या घराला कुलूप ते कुलूपच. त्या दोघांपैकी धाकटा मनोज. तिकडचं काही हाती लागेना, म्हणून त्याची नजर काकाच्या घरावर वळली. काकाला मुलगा नाही, म्हणजे घर आपलंच, असं त्यानं मनातल्या मनात ठरवूनही टाकलं. एक दिवस तो चक्क टेप घेऊन आला आणि भिंती मोजायला लागला.

"हे काय रे?" शेषरावांनी विचारलं.

"पडद्यासाठी मोजून राहिलो, काका. तुमाले ऊन लागते ना."

या घरात आजवर कोणी पडदा लावला नव्हता. आपल्या मागं हा पठ्ठ्या एखादा कागद पुढं करील आणि प्रणाली अकोल्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत बसेल, या विचारानं शेषरावांची झोपच उडाली. समोरच्या घरात त्यांचा जन्माचा दोस्त बुधाजी राहायचा. त्याची लेक नीलम वकील. शेषरावांनी सकाळीच तिला गाठलं.

"मृत्युपत्राच्या भानगडीत पडूच नका, काका," नीलम म्हणाली. "कोनी हरकत घेतली की ते कोर्टात सिद्ध करत बसा. त्यापेक्षा बक्षीसपत्र करा. नोंदणी झाली की त्याच दिवशी घर प्रणालीचं. तुमी अन् काकू मरेपर्यंत तिथंच राहाल, असं त्यात लिहूनच टाकू."

"मंग मनोज काई करू शकत नाई?"

"मोजू शकते."

झालं. प्रणाली अमरावतीहून आली. निबंधकाच्या ऑफिसात फोटो निघाले, अंगठे झाले, बुधाजी साक्षीदार म्हणून ताठ उभा राहिला. प्रणाली जरा रडली, सही केली आणि दुसऱ्या दिवशी शाळेत शिकवायचं म्हणून तशीच परत गेली. शेषराव समाधानानं घरी आले. मे महिना, आणि वऱ्हाडातलं ऊन म्हणजे काय विचारता! बायको पार्बताबाईनं लोटा पुढं केला. शेषरावांनी तो ओठांपर्यंत नेला आणि थबकले.

"घर कोनाचं हाय हे?"

"आपलं. म्हंजे, आता प्रणालीचं."

शेषरावांनी लोटा खाली ठेवला.

"अरे बाप्पा!" पार्बताबाई हसत सुटली. मग नवऱ्याचं तोंड पाहून तिचं हसू विरलं. "आवो, पानी नळाचं हाय! नगरपालिकेचं!"

"नळ कोनाच्या घरात हाय?"

संध्याकाळपर्यंत शेषरावांनी विकत पाण्याची कॅन आणवली आणि कंपाउंडच्या बाहेर, रस्त्यापल्याडच्या लिंबाखाली ठेवली. शेजारी खाट टाकली. जेवण बुधाजीकडे. झोपायला तेवढं घरात, कारण राहायचा हक्क कागदावर होता, प्यायचा नव्हता. तोही दस्तात घालून घे म्हणून ते नीलमकडे गेले, तर ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि पाणी प्यावं लागलं. शेषरावांनी त्या पाण्याकडे फार आशेनं बघितलं.

"तूई पेऊ नको," त्यांनी बायकोला बजावलं.

"मी?" पार्बताबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी तं प्रणालीच्या पह्यल्या दिवाळीपासून पेऊन राहिली. तुमी बाहेर जावयासंगं कपाशी मोजा, अन् मी सैपाकघरात चहा पेवो. तिच्या हातचे आलुबोंडेई खाल्ले."

शेषराव हादरले. "मंग? काई झालं नाई?"

"झालं ना. वजन वाढलं."

गल्लीला फुकटचा तमाशा मिळाला. जाणारे-येणारे खाटेपाशी थांबून तब्येत विचारायचे. मनोजही आला. लिंबाच्या सावलीत ऐसपैस बसला आणि त्याच कॅनमधलं पाणी ढोसून म्हणाला, "काका, माह्या नावानं केलं असतं तं हे हाल झाले असते काय? पुतन्याच्या घरचं पानी चालते ना. अजूनई बोला त्या वकीलबाईसंगं. काई मोडता येते काय, पाहा."

आणि खरं सांगतो, शेषरावांचं तोंड पडलं. कारण नियमानं पाहिलं तर पोरगा बरोबर बोलत होता. आपण चूक तर केली नाही ना, असं त्यांच्या मनात पहिल्यांदा आलं. पार्बताबाईनं दारातून ते तोंड पाहिलं, आत गेली आणि अमरावतीला फोन लावला.

प्रणाली भर दुपारी आली. स्टँडवरून पायी, डोक्याला ओढणी बांधून, तोंड लालबुंद. घरात गेलीच नाही. सरळ लिंबाखाली येऊन बापाच्या शेजारी बसली.

"अवं, पोरीले पानी आन! उन्हातून आली!" शेषराव घराकडे तोंड करून ओरडले.

पार्बताबाईनं लोटा आणला. प्रणालीनं हात लावला नाही.

"मी नाई पेत."

"काहून?"

"घर माह्यं हाय ना? माह्या दारात माहा बाप तहानेला बसला, अन् मी पानी पेऊ? तुमी पेल्याबिगर मी नाई पेत."

"मंग ह्या कॅनीतलं पे, माय."

"ते तुमचं हाय."

शेषरावांना राग आला. असला हट्टीपणा पोरीत कुठून आला, हे गल्लीतल्या कोणालाही विचारलं असतं तरी सांगितलं असतं. दोघंही तोंडं फिरवून बसली. ऊन सरकत सरकत खाटेच्या पायापाशी आलं. मग प्रणाली बोलली, आणि तिचा आवाज बसलेला होता.

"द्या मनोजदादाले घर. मी परत लिहून देतो तुमाले, मंग तुमी कोनालेई द्या. मले घर नव्हतंच पाह्यजे, बाबा. बुधाजीकाकाच्या घरी तुमी पोटभर जेवता, अन् माह्या घरून तहानेले येता. मले तुमी माह्या हातचा एक कप चहा पेलेला पाह्यजे होता. इतके वर्षं तो भरलेला कप मी मोरीत ओतून राहिली."

शेषरावांनी तिच्याकडे पाहिलं. ओठ सुकले होते. लहानपणी ताप आला की ती अशीच दिसायची आणि तेव्हा रात्रभर चमच्यानं पाणी पाजायला तेच बसायचे.

"आमच्या आज्यानं लेकीले असं उन्हात नव्हतं बसवलं," ते पुटपुटले. जणू आज्याचीच परवानगी घेत होते. मग त्यांनी लोटा उचलला, डोळे मिटले आणि घटाघटा अर्धा रिकामा केला. उरलेला लेकीच्या हातात दिला. ती प्याली, रडली आणि हसली, सगळं एकदमच.

"शेषराव," समोरून बुधाजी ओरडला, "मंग आज जेवाले येतं का नाई?"

"येतो ना! भाजी काय हाय?"

मनोज नंतर डोकावला, तेव्हा पार्बताबाईनं त्याला दारातच धरलं. "मोजून ठेवलंच हायेस, तं पडदे शिवूनच आन. प्रणालीले हिरवा रंग आवडते." तो जो गेला, तो आजतागायत रंगच शोधतोय.

पुढच्याच आठवड्यात शेषराव अमरावतीला गेले. दार उघडून प्रणालीनं पिशवी पाहिली. डाळ होती, आणि शेजारी तीच बाटली. तिचं तोंड उतरलं. ती डाळ उचलून आत जायला वळली.

"थांब वं," शेषराव म्हणाले. "चहा टाक. साखर जास्त टाक, तुही माय कंजुषी करते."

मग त्यांनी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. बाटली रिकामी होती.

"अन् हे भरून ठेव. वापस जातानी गाडीत तहान लागते."