मोटरसायकलची डावी मूठ

मी एक जुनी मूठ आहे, मित्रांनो. मोटरसायकलच्या हँडलवर डाव्या हाताला असते ना, ती. उजव्या मुठीला सगळे ओळखतात, कारण तिला पिळलं की गाडी पळते. मला कुणी पिळत नाही, नुसतं धरतात. पण धरणाऱ्या हाताचं सगळं मला कळतं, आणि तेवढ्याच भांडवलावर मी माझी हकिकत सांगायला बसले आहे.

एका कारखान्यात तापलेल्या साच्यातून आम्ही दोघी जुळ्या बहिणी बाहेर पडलो. काळं कुळकुळीत रबर, अंगभर बारीक चौकटींची नक्षी. दिसायला अगदी सारख्या, पण उजवीचं भोक किंचित मोठं, कारण तिला फिरणाऱ्या नळीवर बसायचं असतं. तेव्हा मला या फरकाचं काहीच वाटलं नव्हतं.

आमचे मालक टाइपरायटर दुरुस्त करायचे. घरात त्यांना बाबा म्हणतात, मीही तेच म्हणते. या कचेरीतून त्या कचेरीत त्यांची दिवसभर फेरी असे. त्यांचा हात हलका आणि कोरडा, तेलाचा वास येणारा. सिग्नलला गाडी थांबली की ते अंगठ्याने माझ्यावर ठेका धरायचे. वीस वर्षांत तेवढ्या जागेची नक्षी झिजून गुळगुळीत झाली. दर रविवारी ते मला ओल्या फडक्याने पुसायचे आणि शेजाऱ्यांना ऐकवायचे, "गाडी कशी ठेवलीय ते मूठ बघून सांगतो मी." मी मनातल्या मनात फुलून जायची.

पुढे टाइपरायटर गेले. त्यानंतर बाबांच्या हातांना थरथर सुटली. एक दिवस फाटकातच क्लच त्यांच्या हातून निसटला आणि गाडी भिंतीला टेकली. कुणाला लागलं नाही, पण बाबांनी त्याच पावली किल्ली मुलीच्या हातात दिली. त्या दिवसापासून मला पुसायचं कुणाला सुचलं नाही.

मुलगी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. पेशंट तिला कौतुकाने रक्तवाली म्हणतात. नमुना उपाशीपोटी द्यायचा, म्हणून तिची फेरी भल्या पहाटे. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही. थंडीत मात्र नदीकाठच्या उघड्या रस्त्यावर वारा असा झोंबायचा की दोन-दोन हातमोजे घालूनही तिची बोटं लाकडासारखी व्हायची. ती मला गच्च धरायची, पण धरलंय हे तिला कळायचंच नाही. मला मात्र कळत होतं. रबराने ऊब आणायची कुठून? मला फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

आणि शीर काही डोळ्यांनी सापडत नाही. ती बोटाच्या टोकाला लागावी लागते.

तिच्या पेशंटांत एक निवृत्त मास्तरीणबाई होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्यांमुळे त्यांची दर सोमवारी तपासणी असे. शिरा दोऱ्याएवढ्या बारीक. एका सोमवारी रक्तवालीला त्यांना तीनदा टोचावं लागलं. मी दाराशीच उभ्या गाडीवर होते, सगळं ऐकू येत होतं.

"मी तक्रार करणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पण हात बघ माझा, काळानिळा झालाय. पुढच्या सोमवारी एकदाच टोचायचं. नाही जमलं तर लॅबला सांगते, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणून."

रक्तवाली घरी आली ती तोंड पाडून. बाबांनी विचारलं तेव्हा तिने सगळं सांगितलं. "फेरी गेली तर बसवतील कुठेतरी टेबलावर," ती म्हणाली. "मला नाही बसायचं टेबलावर. मी गाडीला बॅटरीवर तापणाऱ्या गरम मुठी बसवणार."

"मेकॅनिककडे दे."

"त्याला दोन आठवडे वेळ नाही. मीच बसवणार."

रविवारी सकाळी ती अंगणात पथारी मांडून बसली. नव्या दोघी खोक्यातून बाहेर आल्या. गुबगुबीत, तोऱ्यात, प्रत्येकीला वायरची शेपटी. मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. "दे इकडे," म्हणत त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घेतला. तो दोनदा स्क्रूवरून घसरला आणि तिसऱ्यांदा खाली पडला. रक्तवालीने तो उचलून त्यांच्यापुढे धरला.

मग बाबाच म्हणाले, "बरं. हात तुझे, कान माझे. चल."

उजवीला कुणीतरी पूर्वी सरस लावून चिकटवलं होतं. ती हलेना, तेव्हा रक्तवालीने ब्लेड घेतलं. माझी जुळी बहीण माझ्या देखत उभी चिरली गेली. ब्लेड माझ्याकडे वळलं तसं बाबा ओरडले, "तिला कापू नकोस! साबणाचं पाणी घाल."

"आत जाणार कसं?"

"तुझा धंदा काय आहे?"

ती हसली. पेटीतून कोरी सिरिंज काढली, साबणाचं पाणी भरलं आणि माझ्या कडेखाली सुई सरकवली. पहिल्याच टोचण्यात पाणी आत गेलं. तिने मला जरासं पिळलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि मी अलगद सुटून आले. तिने मला जाकिटाच्या खिशात टाकलं. "नव्यांनी दगा दिला तर असू दे," म्हणाली.

खिशाच्या तोंडातून मी बघत होते. तिने हँडल स्पिरिटने पुसलं, नळीवरचे उंचवटे कानशीने घासले, पेट्रोलची टाकी उतरवून तिच्याखालून वायरी नेल्या. गाडीची किल्ली फिरवल्यावरच वीज मिळेल अशा बेताने त्या जोडल्या, नाहीतर बॅटरी रातोरात बसली असती. दुपार कलली. टाकी परत चढली, गाडी सुरू झाली, मुठी तापायला लागल्या. रक्तवालीने टाळी वाजवली.

"थांब," बाबा डोळे मिटून म्हणाले. "पूर्ण पीळ. आता सोड." इंजिन ओरडलं, आणि मूठ सोडल्यावरही गुणगुणत राहिलं. "ऐकलंस? आवाज खाली येत नाहीये. मूठ मागे फिरत नाही. वायर फार ताणून बांधलीयस तू. उद्या रस्त्यावर ब्रेक दाबशील आणि गाडी पुढेच पळेल."

वायरीला मुठीबरोबर फिरायला सैल जागा लागते, ती तिने ठेवलीच नव्हती. तिचा चेहरा उतरला, पण ती हातपाय गाळून बसली नाही. टाकी पुन्हा उतरवली, बांधलेलं सगळं कापलं आणि उजव्या मुठीपाशी चार बोटं सैल वायर सोडून नव्याने बांधलं. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बाबांनी पाच वेळा आवाज ऐकला. पाचव्यांदा त्यांनी मान डोलावली.

सोमवारी धुकं होतं. नदीकाठचा तोच रस्ता, तोच वारा. मी खिशात अंग चोरून होते. मास्तरीणबाईंनी बाही वर केली आणि तोंड फिरवलं. रक्तवालीचं बोट त्यांच्या कोपराशी टेकलं.

"अगं, ऊन आहेत की हात!" बाई म्हणाल्या.

रक्तवाली घाई न करता चाचपत राहिली. माझाच जीव टांगणीला लागला होता.

"टोच एकदाची," बाई म्हणाल्या.

"झालंसुद्धा."

बाईंनी वळून बघितलं. नळी भरली होती. "पुढच्या सोमवारी याच वेळेला," त्या कडक आवाजात म्हणाल्या. "उशीर चालणार नाही."

मित्रांनो, आता माझ्याकडे परत वळू. दगा कुणी दिला नव्हता, म्हणजे माझं काम संपलं होतं. घरी येऊन रक्तवालीने मला खिशातून काढलं तेव्हा वाटलं, चला, कचऱ्याची टोपली आली. पण ती बाबांची स्टीलची काठी घेऊन बसली. काठीची प्लास्टिकची मूठ तडकली होती आणि बाबांच्या हातातून सारखी निसटायची. ती काढून तिने नळीला साबणाचं पाणी लावलं आणि मला चढवलं. उजवी तिथे सैल पडली असती. मी बरोब्बर बसले.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगते. नवं जरूर आणा, हातांना ऊब हवीच. पण जुनं काढताना ब्लेडच्या आधी साबणाचं पाणी आठवा.

बाबांनी काठी हातात घेतली. अंगठा फिरत फिरत त्या गुळगुळीत जागेवर आला आणि तिथेच थांबला. हात अजून थरथरतो त्यांचा. मी निसटत नाही.